पूर्ण कपड्यातल्या भाभी

"पयले पानी प्या, मंग बोला."

असं म्हणत भाभी समोरच्याच्या हातात पितळेचा पेला द्यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत कंबरेवर हात ठेवून समोर उभ्या राहायच्या. मीटर वाचायला आलेला माणूस असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, की कुंपणावरून भांडायला आलेली शेजारीण, सगळ्यांना तोच पेला. त्यात अर्धा लिटर पाणी सहज मावायचं. एवढं पाणी पोटात गेल्यावर माणसाला धड ओरडता येत नाही, हे भाभींना कुठून कळलं होतं कोण जाणे. त्यांच्या दारातल्या बदामाची फांदी तोडायला आलेल्या माणसाला मी दोन पेले पिऊन, फांदी तशीच ठेवून, ढेकर देत परत जाताना पाहिलं आहे.

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात त्यांना स्वतःचं नावही होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. त्यांचे यजमान रेल्वेत होते. दिवसभर हिंदीत बोलून आल्यावर घरीही हिंदीतच बोलायचे, म्हणून सगळे त्यांना भैय्या म्हणत. भैय्यांची बायको ती भाभी. लग्न होऊन आल्या त्या दिवशी चिकटलेलं हे नाव पुढे भैय्या गेले तरी सुटलं नाही. भाभींनीही हिशेब सरळ ठेवला होता. आपण सगळ्यांच्या भाभी, तर सगळे आपले देवर. कॉलेजातला पोरगा असो की सत्तरीचे रिटायर्ड मास्तर, भाभींच्या लेखी तो "देवरजी". मीही त्यातलाच एक.

माझं दुकान त्यांच्या घरापासून चार घरं सोडून. फ्लेक्स, लग्नपत्रिका, स्टिकर, झेरॉक्स. वाढदिवसाचा बॅनर असो की श्रद्धांजलीचा, माणूस तोच गॉगल घातलेला फोटो घेऊन येतो. मी फक्त मजकूर बदलतो. गिऱ्हाईकाला आपलं डिझाइन बसल्या जागी दिसावं म्हणून मी बेचाळीस इंची टीव्ही कॉम्प्युटरला जोडून भिंतीवर लावला होता. दुकान लहान आणि गिऱ्हाईक उभं रस्त्यावर, त्यामुळे टीव्हीचं तोंडही रस्त्याकडे. रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी. ही रचना ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं ते या रचनेमुळे झालं.

भाभींचा अकरा जणींचा बचत गट होता. उन्हाळा लागला की भाभींच्या गच्चीवर तांदळाचे पापड वाळायचे आणि खाली गल्लीत सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पापड चांगले खपू लागले तेव्हा त्याला पाकीट हवं असं ठरलं. पाकिटाचं नावही ठरलं, 'भाभी पापड'. राहिलं चित्र. अकरा जणींपैकी एकही आपला फोटो पाकिटावर द्यायला तयार नव्हती. "पाकीट फोडून लोक फेकतेत, मंग आपलं तोंड नालीत पडून राह्यते," असं कामठ्याहून येणाऱ्या बाईने सांगितलं आणि विषय मिटला.

तेव्हा एके दुपारी भाभी माझ्या दुकानात आल्या. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "देवरजी, नेटवरून एक फोटो काढून द्या. साधी बाई पाहिजे. डोक्यावर पदर, हातात पापडाची थाळी, चेहऱ्यावर जरासं हसू. जास्त नाही."

"देतो की," म्हणून मी टाइप केलं, 'गाँव की भाभी फोटो'. आणि बटण दाबलं.

मी काही भाबडा माणूस नाही. पण दुकानात बसल्यावर आपण गिऱ्हाईकाच्या डोक्याने विचार करतो. भाभी म्हणजे भाभी. डोक्यावर पदर, हातात थाळी. बटण दाबलं तेव्हा माझ्या मनात खरोखर तेवढंच होतं.

बेचाळीस इंची पडदा वरपासून खालपर्यंत भरला. पंधरा-वीस बाया. त्यातल्या बऱ्याच जणींच्या अंगावर कपाळावरच्या टिकलीखेरीज काही नव्हतं. काही जणींनी पदर घेतला होता, पण फक्त पदरच घेतला होता.

मी माऊस हलवला. तो हलेना. नेमका त्याच वेळी कॉम्प्युटर अडकला. मी उडी मारून टीव्हीसमोर गेलो आणि दोन्ही हात पसरून उभा राहिलो. माणूस कितीही पसरला तरी बेचाळीस इंचांत त्याच्याने अडीच बायाच झाकल्या जातात. टपरीवरचे सगळे कप वाटेतच थांबले. रस्त्यावरून भाताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर जात होता, तो सावकाश झाला आणि मग पूर्ण थांबला.

"सरका ना देवरजी," भाभी म्हणाल्या, "दिसून नाही राह्यलं."

"भाभी, हे... नेटचं काही बिघडलं आहे."

"सरका म्हणते ना."

मी सरकलो. भाभींनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि तांदूळ निवडावेत तसं डावीकडून उजवीकडे, एकेक करून सगळं पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"एकीच्या हातात भी पापड नाही जी."

मी टीव्हीची वायरच उपटली. ट्रॅक्टर पुढे गेला. टपरीवाल्यांनी आपापले कप तोंडाला लावले.

मला वाटलं आता भाभी उठून जातील आणि महिनाभर बोलणार नाहीत. त्या स्टुलावर नीट मांडी घालून बसल्या. "ह्या साऱ्या भाभी होत का?" त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलं असतं त्यांच्याखाली."

"कोनाच्या भाभी?"

मी वायर गुंडाळत राहिलो. मग त्यांनी मला वायर पुन्हा न लावता फक्त माझ्याकडच्या लहान पडद्यावर बघायला सांगितलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि एकेक नातं सांगत गेल्या. "वहिनी टाकून पाहा." टाकलं. "कपडे हायेत?" "नाहीत." "आंटी?" "नाहीत." "मावशी?" "थोडेफार." "शाळेतली बाई?" "नाहीत भाभी." "दवाखान्यातली नर्स?" "टोपी आहे फक्त." आजी तेवढी धडपणे निघाली, आणि आत्या. आजीच्या वेळी भाभींनी सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटी म्हणाल्या, "आता काका टाका."

काका सगळे स्वेटर, जाकीट, टोपीत होते. काहींनी मफलरही गुंडाळला होता.

"काका लोकाइचे कपडे शाबूत," भाभी म्हणाल्या. "काऊन?"

मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "देवरजी, अख्खा कुडवा मले भाभी म्हणते. म्हणतेत तवा त्याइच्या डोक्यात हेच येते का?"

"नाही हो भाभी. छे."

"तुमाले माहीत होतं, नेटवर असं हाये म्हून?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो. ते त्यांना कळलं आणि कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही. पदर खांद्यावर घट्ट घेत त्या उठल्या. "तुमच्या भैय्याचं आता काही नाही राह्यलं जी. सायकल विकली, वर्दी देऊन टाकली. हा एक शब्द तेवढा त्याइच्यापासून आला होता."

दोन दिवस भाभी दुकानासमोरून गेल्या तरी आत वळल्या नाहीत. मी मात्र त्या दोन दिवसांत त्यांना 'भाभी' अशी हाक मारताना दोनदा अडखळलो. तुम्हालाही कधी झालं असेल असं. रोजचा शब्द अचानक तोंडात खडा आल्यासारखा लागतो.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या त्या थेट काउंटरच्या आत.

"नेटवर हे फोटो कोन टाकते?"

"कोणीही टाकतं, भाभी. ज्याला वाटेल तो."

"मंग आपण भी टाकू."

"काय टाकू?"

"भाभी! खऱ्या. कपडे घालून." त्या मला समजावू लागल्या. "लोक भाभी पाहाले येतेत, अन् नेटवाल्यापाशी धड भाभीच नाहीत. तर तो का करन बिचारा? जे हाये ते दाखवते. आपण त्याले पुरवू."

मी हसलो. भाभी हसल्या नाहीत. त्यांचा बेत पक्का होता. गटाच्या बायकांना त्यांनी काय काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण "नेटवर कपडे घातलेल्या भाभीची टंचाई हाये" एवढं वाक्य मी गच्चीखालून स्वतःच्या कानांनी ऐकलं. ज्या बायकांना पाकिटावर फोटो नको होता त्या सगळ्या तयार झाल्या. पाकीट नालीत पडतं. हे तर काम होतं.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो, तर मे महिन्याच्या उन्हात एक बाई शाल पांघरून उभी. दुसरीने साडीवर नवऱ्याचा कोट घातला होता. तिसरी स्कूटरवर बसून, हेल्मेटची काच पाडून. "चेहरा दिसू द्या हो," म्हटलं तर म्हणाली, "चेहरा कायले? कपडे दिसले म्हंजे झालं ना." कामठ्याच्या बाईने आपली शेळी आणली होती. केशोरीला भाभींची धाकटी बहीण राहायची. तिचा फोटो पुढे धान कापणीच्या वेळी काढायला मी तिकडे जाऊन आलो. विळा हातात घेऊन ती कॅमेऱ्याकडे अशी काही बघत होती की तो फोटो शोधणाऱ्याला सापडला असेल तर त्याने मोबाईल बंद केला असेल.

फोटोंखालचा मजकूर भाभी स्वतः सांगायच्या. 'गोंदिया की भाभी, पापड सुखाते हुए, पूरे कपड़े में.' 'गाँव की भाभी, शेळी के साथ, पूरे कपड़े में.' शेळीला हिंदीत बकरी म्हणतात असं मी सुचवलं. भाभी म्हणाल्या, "शेळी आपली हाये." खाली पापडाच्या ऑर्डरसाठी गटाचा मोबाईल नंबर. जिथे जिथे फुकटात फोटो टाकता येतो तिथे तिथे मी ते टाकत गेलो.

एकदा त्यांनी विचारलं, "लोक शोधतानी नुसतं भाभीच लिहितेत का आनखी काही?"

मी चाचरत सांगितलं, "हॉट लिहितात. हॉट भाभी."

"म्हंजे?"

"म्हणजे... गरम."

"मंग तसं सांगा ना. चुलीजवळचा काढू."

तो फोटो मी काढला. भाभी चुलीसमोर बसलेल्या, कढईत पापड फुललेला, पदर कंबरेला खोचलेला, कपाळावरून घामाच्या धारा, आणि धुराने डोळे बारीक झालेले. खाली मजकूर, 'बहुत गरम भाभी, पूरे कपड़े में.' आमचे बाकीचे सगळे फोटो एकीकडे आणि हा एक एकीकडे. हा चालला. चार-पाच महिन्यांनी तर नुसतं 'भाभी' शोधलं तरी सतराव्या ओळीत भाभी दिसू लागल्या. मी त्यांना लहान पडद्यावर दाखवलं. अलीकडे एक उघडी, पलीकडे एक उघडी, आणि मधे भाभी, झारा हातात घेऊन.

"पोचली तं मी," भाभी म्हणाल्या. मग अलीकडच्या बाईकडे बघत राहिल्या. वीस-बावीसची असेल. "ह्या पोरीले विचारून टाकला असन का तिचा फोटो?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच काही वेळ त्या पोरीवर धरून ठेवलं.

फोन यायला सुरुवात झाली ती दुपारची. पहिला फोन आला तेव्हा मी गच्चीवरच होतो, पाकिटांचा नमुना दाखवायला गेलो होतो. भाभींचे हात पिठात, म्हणून कोणीतरी फोन स्पीकरवर लावून मधे ठेवला. भोवती बाकीच्या दहा जणी पापड लाटत होत्या.

"भाभी है क्या?" पलीकडून एक घोगरा आवाज.

"बोल रही हूँ देवरजी."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. बहुधा 'देवरजी' हा शब्द त्याला लागला असावा. "अकेली हो क्या?"

"नहीं ना," भाभी म्हणाल्या, "ग्यारह जनी हैं."

फोन कट. लाटणी तशीच हवेत राहिली, आणि मग असा हशा पिकला की दोन ओळी पापड पायाखाली आले.

मग रोज दोन-तीन फोन येऊ लागले. भाभींनी त्यासाठी स्वतःची पद्धत बसवली. माणूस काही बोलायच्या आत त्या म्हणायच्या, "पहले पानी पिओ, फिर बोलो." समोरचा गडबडायचा. "जी?" "पानी. पिओ. मैं रुकती हूँ." आणि खरंच थांबायच्या. तुम्ही म्हणाल कोण पितं? बहुतेक जण प्यायचे. भांड्याचा, माठाच्या झाकणाचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. मग भाभी विचारायच्या, "पी लिया? अब बोलो, क्या बोल रहे थे?" अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर ते वाक्य तोंडातून काढणं अवघड जात असावं. कोणी सॉरी म्हणायचं. कोणी गडबडीत पापडाची ऑर्डर द्यायचं. जे अगदीच शिव्यांवर यायचे त्यांच्यासाठी कामठ्याची बाई होती. ती फोन हातात घेऊन आपल्या पोवारी बोलीत सुरू व्हायची आणि समोरच्याच्या घराण्यात कोणाला सोडायची नाही. त्या माणसाला पोवारी येत नसेलही, पण सूर कळत असणार.

भाभींचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला हे कळलं आणि त्याने आधी मला फोन केला. मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो. मी घाबरून फोटो काढून टाकायला बसलो. तेवढ्यात भाभी आल्या, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"का झालं रे?"

"आई, लोक हसून राहिले. तो फोटो काढ आधी."

"फोटोत का वाईट हाये? पदर हाये, बाह्या हायेत, चूल हाये."

"तसं नाही आई..."

"तुले कोठं सापडला?"

पलीकडे तो खाकरला.

"का शोधत होता तू?"

मी भिंतीकडे बघू लागलो. मग तिकडून बारीक आवाज आला, "मित्राने पाठवला."

"अस्सं. त्या मित्राले माझा नंबर दे," म्हणून भाभींनी फोन ठेवला. फोटो राहिला.

फोन करणाऱ्यांत एक सुरतवाला होता. कापडाच्या कारखान्यात कामाला, मूळचा राजनांदगावकडचा. तो पहिल्यांदा बोलला तेही इतरांसारखंच असणार, कारण भाभींनी नेहमीसारखं "पहले पानी पिओ" म्हटलं. तो म्हणाला, "पानी नहीं है भाभी. कल से मोटर बंद है."

बाकीच्या बायका हसल्या. भाभींनी हाताने त्यांना गप्प केलं. "किती जण राहतात खोलीत? आठ? आणि आठ जणांत एकालाही मोटरवाल्याकडे जावंसं वाटलं नाही?" असं मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी त्याला पाव तास झापलं. शेजारच्या चाळीतून हंडा भरून आणायला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी पीठ मळता मळता त्यांना आठवण झाली आणि त्यांनी स्वतःच फोन लावला. "देवरजी, पानी आया क्या?"

त्या दिवसापासून तो आठ-दहा दिवसांनी फोन करायचा. डाळ करपते ती काय केल्याने करपणार नाही, हे विचारायला. कारखान्यात बोटाला लागलं, ते सांगायला. घरचे लग्न ठरवून राहिलेत, पोरगी बारावी झालेली आहे, माझं आठवीच, तर सांगू का लपवू, हे विचारायला. ("सांगा," भाभी म्हणाल्या. त्याने सांगितलं. लग्न झालं.) पहिला फोन त्याने का केला होता हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, आणि भाभींनी कधी विचारलं नाही.

भाभींना जाऊन आता दोन वर्षं होतील. आजार थोडक्यातला होता, आठ दिवसांचा. गटाचा फोन आता कामठ्याच्या बाईकडे असतो, आणि तिच्या हातात गेल्यापासून तसले फोन जवळजवळ बंद झाले आहेत. पण भाभी आठवल्या की मला दवाखान्यातल्या भाभी आठवत नाहीत. त्याच्या आदल्या दिवाळीची एक दुपार आठवते.

सुरतवाल्याचा फोन आला होता की बायकोला आणि सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन गावी चाललो आहे, गाडी दुपारी गोंदियाला येते, दहा मिनिटं थांबते. भाभींनी आदल्या दिवसापासून जेवणाचा डबा करायला घेतला. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून स्टेशनला नेलं. त्यांच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात पापडांची दोन मोठी पुडकी, आणि मला धरायला हातच उरला नव्हता, म्हणून त्यांनी हनुवटी माझ्या खांद्यावर रुतवली होती. स्टेशन येईपर्यंत त्या एकच प्रश्न विचारत होत्या.

"तो मले ओळखन का जी?"

"फोटो पाहिला आहे ना त्याने तुमचा."

फलाटावर पोचल्यावर त्यांनी इस्त्रीच्या साडीचा पदर ओढून कंबरेला खोचला. फोटोत होता तसा.

गाडी आली. डब्याचा नंबर भाभींनी चुकीचा ऐकला होता. दहापैकी तीन मिनिटं आम्ही भलत्याच डब्यासमोर घालवली. मग भाभी सरळ फलाटावरून चालत सुटल्या आणि एकेका खिडकीत तोंड घालून ओरडू लागल्या, "सूरतवाले देवर कौन हैं? सूरतवाले देवर!" प्रत्येक डब्यात एक-दोन जण उठून उभे राहत होते. मी मागून डबा सांभाळत पळत होतो आणि लोकांची माफी मागत होतो.

पाचव्या डब्याच्या दारात एक बारीक पोरगा उभा होता. कडेवर मुलगी. त्याने भाभींना पाहिलं, ओळखलं, आणि मान जी खाली घातली ती वर करेना. भाभी समोर जाऊन उभ्या राहिल्या तरी तो आपल्या पायांकडेच बघत होता. त्याच्या मागून त्याची बायको खाली उतरली. चुणचुणीत मुलगी. वाकून भाभींच्या पाया पडली.

"ये आपकी बहुत बात करते हैं," ती म्हणाली. "मैं पूछती हूँ तो बताते नहीं. आप इनकी किस तरफ़ से भाभी लगती हैं?"

पोराचा चेहरा पांढरा पडला. मी तिकडच्या चहावाल्याकडे बघू लागलो. आणि भाभींनी, क्षणभरही न थांबता, सांगितलं, "मेरे आदमी की तरफ़ से. दूर का रिश्ता है बेटा, बहुत दूर का. इनके भैय्या तो अब रहे नहीं. पर रिश्ता तो रहता है ना?"

तेव्हा त्या पोराने मान वर केली. आणि त्याने कडेवरची मुलगी उचलून भाभींच्या हातात दिली.

पुढचं सगळं घाईत झालं. डबा आत गेला. पुडकी आत गेली. पोराने ती सीटखाली ढकलली असावीत, कारण भाभी खालून ओरडल्या, "पापड है, पापड! ऊपर बैग मत रखना!" त्याला कळेना. तेव्हा भाभी मुलीला घेऊन स्वतःच वर चढल्या, आत जाऊन पुडकी नीट लावायला. मी म्हणालो, "भाभी, वेळ झाली." आतून आवाज आला, "आली, आली." आणि गाडी हलली.

मी दारापाशी पळालो. भाभी मुलीला घेऊन दारात आल्या, एकदा खाली फलाटाकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि परत आत गेल्या. पुढचा थांबा छत्तीसगडातलं डोंगरगड होता, म्हणजे भाभी चक्क राज्याबाहेर निघाल्या होत्या. खिडकी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्या आधीच ऐसपैस बसल्या होत्या. मुलगी मांडीवर, शेजारच्या दोघांना सरकवून डब्यासाठी जागा केलेली, आणि तो पोरगा समोर बसून रडत की हसत होता, गाडी पुढे सरकत असल्यामुळे मला नीट दिसलं नाही.

"संध्याकाळच्या पॅसेंजरनं येते!" त्या ओरडल्या. हात हलवला तो मुलीचा, आपला नाही.

शेवटचा डबा गेला. फलाट मोकळा झाला. मी परत फिरलो, तर ज्या दारातून भाभी वर चढल्या होत्या त्या जागी त्यांच्या चपला होत्या. एकमेकींना लावून, नीट, पुढची टोकं रुळांकडे करून. कोणाच्या घरात शिरण्याआधी आपण उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो, तशा.